सुट्टीहून परतल्यावर घराची घडी पुन्हा कशी बसवावी

सहकुटुंब सहलीची तयारी आपण मन लावून करतो. तिकिटे, औषधे, मुलांचे कपडे, मोबाईलचे चार्जर अशा सगळ्याच्या याद्या होतात, आणि निघण्याच्या आदल्या रात्री त्या दोनदा तपासल्याही जातात. परतण्याची यादी मात्र सहसा कोणी करत नाही. रात्री उशिरा कुलूप उघडायचे, बॅगा दिवाणखान्यात टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांपासून कार्यालयापर्यंत सगळे एकदम अंगावर घ्यायचे, अशीच बहुतेक घरांची रीत असते. परिणामी दोन दिवसांतच माणसे एकमेकांवर चिडू लागतात आणि सहलीचा आनंद ओसरून जातो. वास्तविक कामे तेवढीच असतात. त्यांचा क्रम चुकला की ती डोंगराएवढी वाटू लागतात. म्हणून या लेखातील सर्व सूचना एकाच कसोटीवर लावल्या आहेत: जे काम लांबवल्याने काही बिघडते किंवा धोका वाढतो ते आधी करावे, आणि जे लांबवल्याने काहीच बिघडत नाही ते निःसंकोच मागे ठेवावे.

निघण्यापूर्वी परतीची सोय

परतीचा दिवस आणि कामाचा किंवा शाळेचा पहिला दिवस यांच्यामध्ये एक पूर्ण मोकळा दिवस ठेवणे, ही या संपूर्ण विषयातील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. सहलीचा एक दिवस कमी होतो म्हणून अनेक जण याला नाखूश असतात, पण एक दिवस कमी फिरून पुढचा संपूर्ण आठवडा सुरळीत जाणार असेल तर तो सौदा स्वीकारावा, असे माझे ठाम मत आहे. मोकळा दिवस काढणे शक्यच नसेल, तर निदान मध्यरात्री घरी पोहोचण्याऐवजी दुपारपर्यंत पोहोचता येईल असा परतीचा प्रवास निवडावा.

निघताना अंथरुणावर धुतलेल्या चादरी घालून ठेवाव्यात, कचऱ्याचा डबा पूर्ण रिकामा करावा, सिंकमध्ये एकही भांडे ठेवू नये आणि परतल्यावरचे पहिले जेवण काय असेल ते आधीच ठरवून त्याचे टिकाऊ सामान घरात ठेवावे. थकून आलेल्या कुटुंबाला स्वच्छ अंथरूण आणि हाताशी असलेले साधे जेवण या दोन गोष्टी मिळाल्या, तर उरलेले सर्व सकाळपर्यंत थांबू शकते.

आणखी एक छोटी युक्ती येथेच सांगतो. पेलाभर पाणी फ्रीजरमध्ये ठेवून त्याचा बर्फ होऊ द्यावा आणि त्या बर्फावर एक नाणे ठेवून द्यावे. आपण नसताना वीज बराच वेळ गेली असेल तर बर्फ वितळतो, नाणे खाली जाते, आणि वीज आल्यावर पाणी पुन्हा गोठले तरी नाणे तळाशीच राहते. परतल्यावर नाणे वरच दिसले तर फ्रीजरमधील पदार्थ गोठलेलेच राहिले असे मानता येते. ते तळाशी असेल तर तेथील पदार्थ वरून कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यावेत.

दार उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास

कुलूप तुटलेले किंवा कडी वाकलेली दिसली तर कोणीही आत जाऊ नये. बाहेरूनच पोलिसांना कळवावे. तसे काही नसेल तरी मुलांना आणि वृद्धांना दोन मिनिटे दाराबाहेरच थांबवून आधी एका प्रौढ व्यक्तीने आत जावे, आणि दिवा लावण्यापूर्वी वास घ्यावा. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. तो वास आला तर कोणत्याही बटणाला हात लावू नये, कारण दिवा लावताना जशी ठिणगी पडू शकते तशीच तो बंद करतानाही पडू शकते. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर किंवा मुख्य झडप बंद करावी, सर्वांनी बाहेर पडावे आणि दूरध्वनीही बाहेर गेल्यावरच करावा. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचून राहतो, म्हणून नुसता वरचा झरोका उघडून भागत नाही. दारेही उघडी हवीत.

गॅसचा वास नसेल, पण न्हाणीघरातून गटारासारखी दुर्गंधी येत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. जमिनीवरील जाळीखाली आणि बेसिनखाली जी वाकडी नळी असते, तिच्यात थोडे पाणी कायम अडकून राहते आणि तेच पाणी सांडपाण्याच्या वाहिनीतील वायू वर येऊ देत नाही. घर बंद असताना हे पाणी सुकून जाते. प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतले की हा पडदा पुन्हा तयार होतो आणि थोड्या वेळात वास थांबतो.

नंतर नळांकडे वळावे. आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ नळीत थांबून राहिलेले पाणी पिण्यासाठी वापरू नये. प्रत्येक नळ काही मिनिटे सोडून ठेवावा. ते पाणी फरशी पुसायला किंवा संडासासाठी बादलीत भरून घेतले तर वायाही जात नाही. शॉवरच्या बाबतीत थोडी अधिक काळजी हवी. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या एका अधिवेशनात पसरलेल्या आजारातून हे जिवाणू प्रथम ओळखले गेले. घरगुती शॉवरमधून असे होण्याची शक्यता कमी असली, तरी घरात वृद्ध, धूम्रपान करणारे किंवा फुप्फुसाचा विकार असलेले कोणी असल्यास शॉवरची चकती काढून किंवा ती पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून, तुषार न उडवता पाणी काही मिनिटे वाहू द्यावे आणि मगच अंघोळ करावी. टाकी असलेल्या गीझरमधील पाणी ६० अंशांपर्यंत तापवून घेतले तर हे जिवाणू मरतात; मात्र इतके गरम पाणी त्वचा भाजू शकते, म्हणून मुलांसाठी ते आधी विसण घालून घ्यावे.

फ्रीज उघडण्यापूर्वी घरातील विजेवरची घड्याळे पाहावीत. त्यांचे आकडे लुकलुकत असतील तर मध्यंतरी वीज गेली होती हे निश्चित. दार न उघडलेला फ्रीज वीज गेल्यावर साधारण ४ तास पदार्थ सुरक्षित थंड ठेवतो. पूर्ण भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास तग धरतो. फ्रीजचे तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी आणि फ्रीजरचे उणे १८ अंश असावे. शिजवलेल्या अन्नाबाबत शंका आली तर चव घेऊन पाहू नये, कारण आजार निर्माण करणारे अनेक जिवाणू चवीतून किंवा वासातून कळत नाहीत.

या फेरीतील शेवटचे काम म्हणजे साचलेले पाणी. कुंड्यांखालच्या ताटल्या, उघड्या बादल्या, फुलदाण्या आणि फ्रीजमागचा पाणी साठण्याचा ट्रे हे सर्व रिकामे करावे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास अनुकूल हवेत साधारण ७ ते १० दिवस पुरतात, म्हणजे एका सहलीच्या काळात त्याची एक पिढी सहज तयार होते. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे कडा घासूनच भांडे जागेवर ठेवावे.

कुंड्यांतील रोपे माना टाकून बसली असतील तर त्यांना एकदम भरपूर पाणी वरून घालण्याचा मोह होतो. अतिशय सुकलेली माती पाणी शोषत नाही. ते कडेने सरळ खाली निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. कुंडी बादलीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवावी, बुडबुडे यायचे थांबले की काढून निथळू द्यावी आणि दोन दिवस सावलीत ठेवावी. खत मात्र रोप सावरेपर्यंत घालू नये.

बॅगा: आधी ओले, मग मळके, शेवटी बाकीचे

बॅगा झोपण्याच्या खोलीत नेऊ नयेत आणि अंथरुणावर तर मुळीच ठेवू नयेत. न्हाणीघर, गच्ची किंवा फरशी असलेली कोणतीही मोकळी जागा चांगली. प्रवासात ढेकूण घरी येण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बॅग. प्रौढ ढेकूण साधारण ५ ते ७ मिलिमीटरचा, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो, तर त्याची पांढरट अंडी जेमतेम १ मिलिमीटरची असतात. बॅगेच्या शिवणी, चेनची कड आणि अस्तराचे कोपरे विजेरीच्या उजेडात पाहावेत. काळे बारीक ठिपके दिसले तर तो धोक्याचा इशारा समजावा. संशय असल्यास कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत किंवा ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर किमान ३० मिनिटे फिरवावेत. ज्या वस्तू धुता येत नाहीत, त्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान ४ दिवस ठेवाव्यात. बॅग उन्हात ठेवणे हा खात्रीचा उपाय नाही, कारण आतल्या शिवणीपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचतेच असे नाही. बॅग व्हॅक्यूम क्लीनरने साफ केली तर त्यातला कचरा लगेच बंद पिशवीत घालून घराबाहेर टाकावा.

पहिल्याच रात्री बॅगेतून काढायलाच हव्यात अशा वस्तू तीनच असतात: ओले कपडे, रोजची औषधे आणि उरलेले खाण्याचे पदार्थ. ओल्या कापडावर आणि दमट अस्तरावर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. एका प्रवासाहून आम्ही रात्री अकराला परतलो, सगळेच दमलो होतो आणि पोहण्याचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी सोडली तेव्हा कुबट वासाने नाक धरावे लागले. लेकीच्या पिवळ्या टॉवेलवर मोहरीएवढे काळे ठिपके उठले होते. टॉवेल तीनदा धुतला, वास गेला, पण ठिपके आजही तसेच आहेत. तेव्हापासून घरात शिरल्यावर ओली पिशवी आधी उघडायची, हा आमच्याकडचा नियम झाला आहे. धुवायला वेळ नसला तरी कपडे दोरीवर पसरले की धोका टळतो.

धुण्यापूर्वी कपड्यांचे ढीग रंगांनुसार करण्याइतकेच डागांनुसार करणे महत्त्वाचे आहे. समुद्राचे मीठ आणि तलावातील क्लोरीन साध्या पाण्यात खळबळून काढावे. वाळू पूर्ण सुकू द्यावी आणि झटकावी. ओली वाळू कापडात आणखी रुतते आणि मशीनमध्ये जाते. पांढऱ्या कपड्यांच्या गळ्यावर सनस्क्रीनचे डाग असतील तर ब्लीच अजिबात वापरू नये. अनेक सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन हे द्रव्य असते. त्याची पाण्यातील लोहाशी क्रिया होऊन गंजासारखा नारिंगी डाग पडतो आणि क्लोरीनच्या ब्लीचमुळे तो अधिकच गडद होतो. भांडी घासण्याचा द्रव साबण डागावर चोळून अर्धा तास ठेवणे आणि मग धुणे हा अधिक चांगला मार्ग आहे.

बॅग रिकामी करणे हे ज्याची बॅग त्याचे काम, असे ठरवून टाकावे. सहा-सात वर्षांचे मूलसुद्धा आपले मळके कपडे टोपलीत, बूट दाराशी आणि खेळणी जागेवर ठेवू शकते. सहलीत सर्वांनी विश्रांती घ्यायची आणि परतल्यावर सर्वांचे धुणे एकाच बाईने उपसायचे, हे चित्र कितीतरी घरांत दिसते आणि ते मला अन्यायाचे वाटते. काम वाटून घेतले की चार जणांच्या बॅगा तासाभरात रिकाम्या होतात. नंतर बॅगेची चाके ओल्या फडक्याने पुसून, ती रात्रभर उघडी ठेवून वारा लागू द्यावा आणि मगच माळ्यावर टाकावी.

झोपेची वेळ जागेवर आणणे

सुट्टीत उशिरा झोपण्याची आणि उशिरा उठण्याची सवय लागते. ती मोडताना बहुतेक जण मुलांना लवकर झोपवण्याचा प्रयत्न करतात आणि मुले अंथरुणात तळमळत राहतात. झोप आज्ञेने येत नाही, पण उठणे आपल्या हातात असते. म्हणून आधी उठण्याची वेळ पक्की करावी, उठल्याबरोबर पडदे बाजूला सारून सूर्यप्रकाश आत येऊ द्यावा, आणि दुपारची झोप २० ते ३० मिनिटांवर जाऊ देऊ नये. रात्रीची वेळ दोन-तीन दिवसांत आपोआप अलीकडे येते. शाळा सुरू होण्यास चार-पाच दिवस असतील तर उठण्याची वेळ रोज १५ ते २० मिनिटांनी अलीकडे आणणे मुलांना सर्वांत सोपे जाते.

दूरच्या देशातून परतणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. शरीराचे अंतर्गत घड्याळ नव्या वेळेशी जुळण्यास साधारणपणे प्रत्येक तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो, असा ढोबळ हिशेब धरला जातो. हे घड्याळ स्वभावतः २४ तासांहून काही मिनिटांनी मोठे असल्यामुळे दिवस लांबवणे त्याला सोपे आणि आखूड करणे अवघड जाते. म्हणूनच पूर्वेकडे येणारा प्रवास पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवासापेक्षा अधिक त्रास देतो. घर पूर्वेला असेल तर परतल्यावर सकाळच्या उजेडात फिरावे आणि संध्याकाळी दिवे मंद ठेवावेत; घर पश्चिमेला असेल तर संध्याकाळचा उजेड घ्यावा. पूर्वेकडे येताना फरक सात-आठ तासांहून अधिक असेल, तर पहिले एक-दोन दिवस अगदी पहाटेचा लख्ख उजेड टाळून उशिरा सकाळी किंवा दुपारी बाहेर पडावे, कारण पहाटे शरीराच्या दृष्टीने अजून मध्यरात्र असते आणि त्या वेळचा उजेड घड्याळ उलट दिशेने ढकलतो. झोपेची कोणतीही गोळी, विशेषतः मुलांना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. डोळ्यांवर झापड असताना गाडीही चालवू नये.

प्रकृतीकडे लक्ष

प्रवासानंतरच्या बहुतेक तक्रारी दोन-चार दिवसांत मिटतात. पोट बिघडले असेल तर जलसंजीवनी घेत राहावे. शौचात रक्त, जोराचा ताप किंवा लहान मुलात लघवी कमी होणे दिसले तर वाट पाहू नये. हिवतापाच्या प्रदेशातून आल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर आपण कोठे गेलो होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. हिवतापाचा घातक प्रकार बहुधा पहिल्या तीन महिन्यांत उद्भवतो आणि उशीर जिवावर बेतू शकतो. चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासानंतर काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आणि वेदना, किंवा एकाएकी धाप व छातीत दुखणे जाणवले, तर रक्ताच्या गुठळीची शक्यता असते आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. प्रवासात कुत्रे, माकड किंवा वटवाघूळ यांनी चावा घेतला अथवा ओरबाडले असेल आणि लस घेतली नसेल, तर कितीही दिवस उलटले असले तरी परतल्याच्या दिवशीच डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

मुले, काम आणि मनाची उदासी

परतल्यावर मुले विनाकारण रडतात, हट्ट करतात, आई-वडिलांना चिकटून राहतात. आठ-दहा दिवस ज्यांच्यासोबत अष्टौप्रहर घालवले, ती माणसे अचानक पुन्हा कामात बुडतात, हे मुलाला जाणवत असते. त्याला शिस्तीचा प्रश्न समजू नये. पहिल्या आठवड्यात रोज ठरलेली वीस मिनिटे, मोबाईल बाजूला ठेवून, केवळ मुलासाठी द्यावीत. त्या वेळेत सहलीतले फोटो एकत्र पाहणे मुलांना फार आवडते.

मोठ्यांनाही ही पोकळी जाणवते. येरुन नावेन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील १,५३० प्रौढांवर केलेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. सुट्टीवर जाणारे लोक जाण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले, पण परतल्यानंतर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नाही. ज्यांची सुट्टी अत्यंत निवांत गेली होती तेच त्याला अपवाद होते. तेव्हा परतल्यावर मन लागत नसेल तर त्यात आपले काही चुकले आहे असे मानू नये. पुढे वाट पाहण्याजोगे काहीतरी हवे, मग ते पुढच्या रविवारचे जवळच्या टेकडीवरचे फिरणे का असेना. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि झोप व भूक बिघडली, तर मात्र तज्ज्ञांशी बोलावे.

कार्यालयात पहिल्या दिवशी सकाळी बैठका ठेवू नयेत. साचलेले ईमेल सर्वांत नव्यापासून वाचत जावे, कारण जुन्यातील बरेच प्रश्न तोवर सुटलेले असतात. बँकेचे आणि कार्डाचे व्यवहार पहिल्या आठवड्यातच तपासावेत व अनोळखी रक्कम दिसल्यास बँकेला लगेच कळवावे. पारपत्रे जागेवर ठेवताना त्यांची मुदत पाहून घ्यावी. अनेक देश प्रवेशासाठी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी असे मागतात.

फोटो मोबाईलमध्येच ठेवून विसरू नयेत. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा संगणकक्षेत्रातला जुना नियम घरालाही लागू पडतो. चारशे फोटोंतून चाळीस निवडण्याचे काम मात्र महिनाभर मागे राहिले तरी चालेल.

एक काम आठवणी ताज्या असतानाच करावे. सर्वांनी एकत्र बसून कोणत्या वस्तू नेल्या पण वापरल्या नाहीत, कोणत्या तिथे विकत घ्याव्या लागल्या आणि कोणत्या दिवशी मुले फार थकली, हे एका कागदावर लिहावे, तारीख घालावी आणि तो कागद रिकाम्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावावी.